गाठ काढायची, की आधी तिचे नाव विचारायचे?

शरीरात कोठे गाठ निघाली की आपल्या घरांतून एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे "काढून टाका!" पायात काटा मोडला तर तो काढावा, दाढ किडली तर ती उपटावी, अपेंडिक्स दुखू लागले तर पोटातून ते बाहेर काढावे. तीन पिढ्यांच्या अनुभवाने हे मत पक्के झालेले आहे आणि शंभरांतल्या नव्वद वेळा ते खरेही ठरते. मेंदूतल्या कित्येक गाठींनाही ते लागू पडते. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिन्जिओमा नावाची गाठ कुशल सर्जनने संपूर्ण काढली, तर रोगी बहुधा कायमचा बरा होतो.

परंतु मेंदूतच एक गाठ अशी आहे, की तिच्यापुढे हे घरगुती शहाणपण लंगडे पडते. तिचे नाव लिम्फोमा. मेंदूत मुळात उद्भवणाऱ्या शंभर गाठींत या जातीच्या दोन ते चार निघतात. इतक्या विरळा रोगाविषयी दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालायची, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की हा विरळा रोग आमच्या घरात आला, त्याने आमच्या घरात भांडण लावले, आणि ते भांडण ज्या प्रश्नावरून झाले त्याच प्रश्नावर जगातले मोठमोठे सर्जन आजही एकमताचे नाहीत.

माझी थोरली बहीण धाराशिवास असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, जिल्ह्यातल्या शाळांतून छत्तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. २०२३ च्या पावसाळ्यात (याच वर्षी गावाचे धाराशिव हे नाव सरकारदरबारी पक्के झाले, आमच्या घरात ते कधी बदललेच नव्हते) अक्काचा पुण्याला मला फोन आला. "अरे, हे गप्पच बसायलेत. विचारलं तर हो म्हणतेत, नाही तर नाही म्हणतेत. काल दूधवाल्याचा हिशेब चुकला."

दाजींचा हिशेब चुकला, हे ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. दुसरा कोणी असता तर वयाचा दोष म्हणून सोडून देता आले असते. पुढच्या पंधरवड्यात त्यांचा तोल जाऊ लागला, आणि एका सकाळी डाव्या पायातली चप्पल निसटली तरी त्यांना पत्ता लागला नाही. भाच्याने त्यांना गाडीत घालून तुळजापूरवरून सोलापूर गाठले. तेथे मेंदूचे चित्र काढले. दोन्ही अर्धमेंदूंना जोडणाऱ्या पट्ट्याजवळ, अगदी खोल, पांढरी शुभ्र चकाकणारी एक गाठ आणि तिच्याभोवती सूज.

आता येथे आपल्या देशातली एक अडचण सांगितली पाहिजे. असे चित्र दिसले की इकडच्या डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा क्षय येतो, आणि त्यात गैर काही नाही. क्षयाचे जंतू मेंदूतही गाठ करतात आणि आपल्याकडे अशा गाठी एकेकाळी विपुल होत्या. १९६५ साली मुंबईच्या दस्तूर आणि देसाई या डॉक्टरांनी क्षयाच्या १०७ गाठी आणि ग्लायोमा जातीच्या तितक्याच गाठी शेजारी शेजारी ठेवून अभ्यास प्रसिद्ध केला होता, यावरून कल्पना यावी. तेव्हा दाजींना क्षयाची औषधे सुरू झाली आणि सूज उतरावी म्हणून त्यांच्या जोडीला स्टेरॉइडची इंजेक्शने.

चौथ्या दिवशी दाजी उठून बसले. आठव्या दिवशी वर्तमानपत्रातले कोडे सोडवू लागले. तीन आठवड्यांनी पुन्हा चित्र काढले, तो गाठ जवळजवळ नाहीशी! अक्काने कुंथलगिरीचे पेढे वाटले, भवानीला खणानारळाने ओटी भरली. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते एवढीच काय ती दाजींची तक्रार होती.

वैद्यकातल्या जुन्या मंडळींनी या गाठीला 'भुताटकीची गाठ' असे नाव ठेवले आहे, ते याच खेळामुळे. स्टेरॉइड हे इतर गाठींच्या भोवतालची सूज उतरवते, पण लिम्फोमाच्या पेशी ते साक्षात मारते. बर्फ उन्हात ठेवावा तशी गाठ विरघळते. रोगी बरा दिसतो, घर आनंदते आणि औषध थांबले की काही आठवड्यांत अथवा महिन्यांत भूत पुन्हा झाडावर येऊन बसते. शिवाय जाताना ते आपल्या खुणा पुसून जाते. स्टेरॉइड चालू असताना गाठीचा तुकडा काढून पाहिला, तर सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशींचा चिखल तेवढा दिसतो आणि रोगाचे नाव काही सांगता येत नाही. म्हणून आजचे शास्त्र म्हणते, की चित्र पाहून लिम्फोमाचा संशय आला आणि रोग्याच्या जिवाला तत्काळ धोका नसला, तर तुकडा काढीपर्यंत स्टेरॉइड हातचे राखून ठेवावे. धोका असला तर अर्थात द्यावेच लागते. मेंदू दाबला जात असता शास्त्रार्थ करीत कोणी बसत नाही.

दिवाळीच्या तोंडावर दाजी पुन्हा गप्प झाले. या खेपेस मी त्यांना पुण्यास आणविले. तेथल्या न्यूरोसर्जनने जुनी-नवी चित्रे दिव्यावर लावली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "काका, ही क्षयाची गाठ असती तर इतक्या लवकर विरघळली नसती. मला लिम्फोमा वाटतो. स्टेरॉइड बंद आहे ना? मग आपण बायोप्सी करू."

"म्हणजे गाठ काढणार?"

"नाही. तांदळाच्या दाण्याएवढे दोन-तीन तुकडे."

येथे आमच्या घरातले भांडण सुरू झाले. अक्का म्हणाली, "डोक्याला भोक पाडायचंच तर एवढंसं तुकडं काढून काय होणार? काढायचं तर सगळंच काढा की!" भाचा म्हणाला, "मामा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. जो सगळी काढतो म्हणेल त्याच्याकडं जाऊ." खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते, पण घरात मी लिहिणारा-वाचणारा समजला जात असल्यामुळे विचारण्याचे काम माझ्याकडे आले. पुढे जे लिहितो आहे ते त्या चौकशीचे फळ.

लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे गस्तवाले. त्यांची ठाणी मान, काख, जांघ येथल्या गाठींत असतात. हे गस्तवालेच बिथरून वाढू लागले की त्या कर्करोगाला लिम्फोमा म्हणतात. मेंदूत अशी ठाणी नाहीतच, आणि तरीही क्वचित् हा रोग थेट मेंदूत जन्मतो, बाकीचे शरीर स्वच्छ असते. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या पर्सिव्हल बेली यांनी या गाठींचे वर्णन केले. पुढे कित्येक दशके तिचे कूळ कोणते यावर वाद चालला. कोणी तिला सार्कोमा म्हटले, कोणी मायक्रोग्लिओमा. गाठीचे नाव ठरविणे किती अवघड, ते यावरून दिसेल.

तिची चाल मात्र शेतकऱ्याच्या मुलाला चटकन कळेल अशी आहे. ही गाठ बटाट्यासारखी वेगळी काढून घेता येत नाही. ती हराळीसारखी आहे. वर हिरवा पुंजका दिसतो तेवढाच आपण पाहतो, पण जमिनीखालून तिच्या कांड्या सगळ्या वावरात गेलेल्या असतात. लिम्फोमाच्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना बाहीसारख्या लपेटत लांबवर जातात. चित्रात चकाकते ती फक्त दाट वस्तीची जागा. तो पुंजका उपटला तरी वावर स्वच्छ होत नाही. आणि बहुतेक वेळा पुंजकाही अशा खोल जागी असतो, की तेथवर जाताना वाटेतल्या स्मरणाची, बोलण्याची, हातापायांची यंत्रणा दुखावते. दाजींच्या गाठीची जागा तशीच होती.

म्हणून जुन्या अनुभवाचा निकाल स्पष्ट होता. नुसती शस्त्रक्रिया केलेले रोगी काही महिन्यांपलीकडे क्वचितच जगत. किरणोपचार आल्यावर ती मुदत वर्ष-दीड वर्षापर्यंत गेली. मेथोट्रेक्सेट नावाचे औषध शिरेतून मोठ्या मात्रेने देऊ लागल्यावर कित्येकांना तीन-चार वर्षे, काहींना त्याहून पुष्कळ अधिक आयुष्य लाभू लागले. चाकूने या हिशेबात फारशी भर घातली नाही. २००० साली फ्रान्समधल्या २४८ रोग्यांचा आढावा निघाला. त्यात गाठ अर्धवट काढलेल्यांची गत नुसता तुकडा घेतलेल्यांपेक्षा वाईटच दिसली. 'या रोगात सर्जनने तुकडा घ्यावा आणि बाजूला व्हावे,' हे पाठ्यपुस्तकातले वाक्य झाले.

या मेथोट्रेक्सेटची कुळकथा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही, कारण तिचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचे रक्त पातळ का होते, हा तिचा प्रश्न. तिला आढळले, की यीस्टपासून केलेला मार्माइट नावाचा स्वस्त अर्क दिला की या बायका सुधारतात. त्या अर्कात जे गुणकारी द्रव्य होते तेच पुढे फोलिक ॲसिड ठरले. ते प्रयोगशाळेत बनविण्याचे काम १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत झाले, ते आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली. मग कोणाच्या तरी डोक्यात आले, की पेशी वाढायला फोलिक ॲसिड लागते, तर त्याचा तोतया बनवून कर्कपेशींना फसवावे! तो तोतया म्हणजे ॲमिनोप्टेरिन. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर तो वापरल्याचे प्रसिद्ध केले. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. मेथोट्रेक्सेट हा त्याच तोतयाचा धाकटा भाऊ. गिरणगावातल्या त्या बाया आणि दाजी यांच्यामध्ये असा एक धागा आहे. त्या बायांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

संधिवाताला हेच औषध आठवड्यातून दहा-वीस मिलिग्रॅम देतात. मेंदूला स्वतःची एक तटबंदी असते, रक्तातले बहुतेक औषध ती आत येऊ देत नाही. ती ओलांडण्यासाठी येथे एका बैठकीला पाच-सहा ग्रॅम, म्हणजे कित्येक शेपट मात्रा द्यावी लागते. एवढे विष पोटात गेल्यावर माणूस वाचावा म्हणून दुसऱ्या दिवसापासून ल्युकोव्होरिन नावाचा उतारा सुरू करतात, सोड्याने लघवी अल्कधर्मी ठेवतात आणि रक्तातले औषध उतरले की नाही ते रोज मोजतात. हे सारे करण्यापूर्वी रोगाचे नाव निश्चित हवे, हे कोणालाही पटेल. क्षय समजून मेथोट्रेक्सेट द्यायचे नाही आणि लिम्फोमा असता क्षयाच्या गोळ्यांवर वर्ष घालवायचे नाही. तो तांदळाचा दाणा कशासाठी, तर यासाठी.

तेव्हा सर्जनला मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, म्हणजे गाठ काढणे चूकच?"

तो हसला. "इतकं सोपं असतं तर बरं झालं असतं." त्याने सांगितलेले थोडक्यात असे. जर्मनीत २००० ते २००९ या काळात या रोगाच्या औषधोपचारांची एक मोठी चाचणी झाली. तिच्यातल्या ५२६ रोग्यांची कागदपत्रे २०१२ मध्ये पुन्हा चाळली, तेव्हा गाठ पूर्ण वा बरीचशी काढलेल्यांत रोग उशिरा उलटला आणि ते अधिक जगले, असे दिसून आले. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या हजारो रोग्यांच्या नोंदींतूनही तसाच सूर निघाला. आता बोला!

मी विमा कचेरीत आयुष्य घालविलेला माणूस. आकडे कसे फसवतात हे मला थोडे ठाऊक आहे. गाठ काढायला सर्जन कोणाची घेतो? जिची गाठ एकच आहे, कडेला आहे, जो वयाने लहान, अंगाने धट्टाकट्टा आहे त्याची. खोल, दोन-चार ठिकाणी पसरलेली गाठ आणि पंचाहत्तरीचा रोगी असला तर तो तुकड्यावर भागवितो. मग पहिला गट अधिक जगला याचे श्रेय चाकूला द्यायचे की निवडीला? जर्मन मंडळींनी गाठींची संख्या हिशेबात धरली, तेव्हा रोग उलटण्यातला फरक टिकला, पण आयुष्यातला फरक पुसट झाला.

या शंकेचा निकाल लावायची रीत एकच, आणि ती धाराशिव जिल्ह्याने जगाला करून दाखविलेली आहे. ही गोष्ट आमच्या गावच्या लोकांनाही फारशी माहीत नाही, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. १९९९ पासून या जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट केले गेले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायका त्यांत होत्या. एका भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची, तिसऱ्यात नुसत्या डोळ्यांनी पाहून करायची, आणि चौथ्यात नेहमीची व्यवस्था. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून हे काम केले. आठ वर्षांनी पाहिले, तर विषाणूची तपासणी झालेल्या भागात या रोगाने ३४ मृत्यू, आणि चौथ्या भागात ६४. बायकांची संख्या विषाणूच्या भागात उलट थोडी अधिकच होती. २००९ मध्ये हा निकाल छापून आला आणि जगभरच्या आरोग्यखात्यांनी त्याची दखल घेतली. चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते का, असा आक्षेपही पुढे घेतला गेला आणि मला तो क्षुल्लक वाटत नाही. पण चिठ्ठीने वाटणी केल्यामुळे 'धट्टीकट्टी तेवढी निवडली' असे मात्र कोणाला म्हणता आले नाही.

मेंदूच्या लिम्फोमाला अशी गावे मिळत नाहीत. एका जिल्ह्यात वर्षाकाठी सापडणारे रोगी बोटांवर मोजण्याजोगे. त्यांच्यात पुन्हा चिठ्ठी टाकून 'तुझी गाठ काढतो, तुझी नाही' असे म्हणायला कोण धजेल? म्हणून गाठ काढणे बरे की तुकडा घेणे, यावर चिठ्ठीने वाटणी केलेली मोठी चाचणी झालेली नाही, आणि सर्जन आपापल्या अनुभवाने चालतात. आज बहुतेकांचा कल असा: गाठ खोल असेल वा अनेक असतील तर तुकडाच, एकच, मोठी, कडेची आणि मेंदू दाबून जीव धोक्यात आणणारी असेल तर काढावी, मात्र काढण्यात हातपाय वा वाचा जाणार नसेल तरच. कधी कधी तर कवटीला हातही लावावा लागत नाही. पाठीच्या कण्यातल्या पाण्यात किंवा डोळ्यातल्या द्रवात या पेशी सापडल्या तर नाव तेथेच कळते. म्हणून डोळ्यांची तपासणी आणि एच. आय. व्ही. ची चाचणी या रोगात चुकवीत नाहीत. दाजींचे डोळे स्वच्छ निघाले.

अक्काला मी हराळीची गोष्ट सांगितली. ती शेतात वाढलेली, तिला ती पटली. भाच्याला पटायला दोन दिवस अधिक लागले.

बायोप्सीच्या दिवशी दाजींच्या डोक्याला चार खिळ्यांनी एक धातूची चौकट बसविली. जागा बधिर केली होती, माणूस जागा. चौकटीसकट चित्र काढले. आता गाठीचा मध्य चौकटीच्या डावीकडून इतके मिलिमीटर, पुढून इतके, वरून इतके, असे तीन आकडे मिळतात, आणि सुई त्या आकड्यांवर लावून कवटीच्या लहानशा छिद्रातून आत सोडतात. हॉर्सले आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये प्राण्यांसाठी असे यंत्र केले. १९४७ मध्ये स्पीगेल आणि वायसिस यांनी ते माणसाला लावले. १९४९ मध्ये स्वीडनच्या लेक्सेल यांनी त्याला कमान दिली. १९७१ मध्ये सी. टी. स्कॅन आल्यावर मात्र त्याला खरे डोळे फुटले. दाजींना सर्जनने हे समजावून सांगितले तेव्हा त्या दिवसांत क्वचितच बोलणारे आमचे दाजी म्हणाले, "हे तर नववीचं गणित. निर्देशांक. फक्त एक अक्ष जास्तीचा."

धोका नव्हता असे नाही. शंभरांत थोड्यांना रक्तस्राव होतो, त्यांतल्या एखाद्याचा जीवही जातो. तो कागद वाचूनच भाच्याने सही केली. तासाभरात पॅथॉलॉजिस्टने पहिला तुकडा काचेवर चिरडून पाहिला आणि नमुना पुरेसा आहे असे कळविले. रोगाचे पूर्ण नाव कळायला आठवडा लागला: बी जातीच्या मोठ्या पेशींचा लिम्फोमा. मेंदूत होणाऱ्यांपैकी दहांतल्या नऊ असल्याच असतात. दाजी तिसऱ्या दिवशी चालत घरी आले.

मग मुंबईच्या फेऱ्या. सहा वेळा औषध, दर पंधरवड्याला एकदा, प्रत्येक खेपेस चार-पाच दिवस मुक्काम. अक्का पिशवीतून जवारीच्या भाकऱ्या आणि शेंगाची चटणी घेऊन यायची आणि उतारा वेळेवर टोचला की नाही ते नर्सच्या आधी विचारायची. तिसऱ्या फेरीनंतर दाजींनी मुंबईच्या लोकलचे वेळापत्रक तोंडपाठ केले, तेव्हा आम्हांला कळले की गाडी रुळावर येते आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात चित्र स्वच्छ निघाले. आता सगळ्या मेंदूला किरण द्यायचे की नाही, असा नवा प्रश्न आला. किरणांनी रोग उलटण्याची भीती कमी होते, पण साठी उलटलेल्या माणसाची स्मृती आणि चाल हळूहळू खचू शकते. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या आणि कौल रोग्यावर सोडला. दाजींनी कागद-पेन्सिल मागितली, बराच वेळ काहीतरी मांडले, खोडले. मग म्हणाले, "आकडे विसरून जगायचं असेल तर मला ते परवडणार नाही. आपण मोजत राहू." त्या दिवसापासून मोजणे चालू आहे. दर तीन महिन्यांनी सोलापूर, एम. आर. आय., आणि रिपोर्टाची झेरॉक्स मुंबईला. तारखा दाजी स्वतः कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने लिहितात. पुढची भाऊबीज उलटल्यावर आहे.